वहीतला नवरा

आमच्या दवाखान्यातल्या गरोदर बायकांच्या नोंदवहीत बिझविक नालुसो हा माणूस एका वर्षात एकोणीस बायकांचा नवरा आहे. प्रत्येक ओळीपुढे माझी सही आहे. जिल्ह्याहून साहेब लोक वही तपासायला यायचे, पानं उलटायचे, छान छान म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. हा नालुसो आहे तरी कोण, आणि त्याची तब्येत बरी आहे ना, असं एकानंही कधी विचारलं नाही.

तब्येत उत्तम होती. साठीला आलेला, काटक, पोटऱ्या दोरखंडासारख्या पिळदार. तो कबाझा चालवायचा, म्हणजे सायकलच्या मागच्या कॅरिअरवर माणूस बसवून गावोगाव पोचवायचा. कॅरिअरवर त्यानं जुन्या घोंगडीची गादी शिवून घेतली होती आणि तिचा त्याला भारी अभिमान. चिल्वा सरोवराच्या या काठावर अशी गादी कुणाच्या ढुंगणाला मिळाली असेल तर दाखवा, असं तो पाद्रीबाबांनाही ऐकवायचा. बायको वारलेली. दोन मुलगे जोनीला, दक्षिणेतल्या त्या सोन्याच्या शहरात कामाला गेलेले. आमच्याकडचे सगळेच जातात. वर्षातून एकदा फोन आला तर आला.

हे नवरेपणाचं काम त्यानं हौसेनं पत्करलं नव्हतं. पहिल्यांदा काय झालं ते त्यानंच मला नंतर सांगितलं. एका गरोदर बाईला तो भाड्यानं घेऊन आला होता. फाटकाशी आमची मदतनीस एस्नाती उभी. तिनं बाईला विचारलं, नवरा कुठाय? बाई सायकलमागे सरली. एस्नाती म्हणाली, मग पत्र कुठाय? पत्रही नव्हतं. तेव्हा हा मागून म्हणाला, मी आहे की नवरा.

"दया बिया काही आली नव्हती हो सिस्टर," तो मला म्हणाला होता. "नवरा नाही म्हटलं असतं तर तिला तसंच तेरा किलोमीटर परत न्यावं लागलं असतं. आणि जाताना चढ आहे."

नियम काय होता ते सांगायला हवं, कारण सगळं त्या नियमापाशी येतं. गरोदर बाईनं पहिल्या तपासणीला नवऱ्याला सोबत आणायचं. दोघांनी आरोग्याचं भाषण ऐकायचं, दोघांनी एड्सची रक्ततपासणी करायची, मग बाईला तपासायचं. जोडीनं येईल तिचा नंबर आधी. एकटी येईल तिनं गावच्या मुखियाकडून पत्र आणायचं की हिला नवरा नाही. हेतू वाईट नव्हता. पुरुषांनीही शिकावं, बाईच्या जिवाची काळजी त्यांनीही करावी, एवढंच होतं त्यात. वरून फक्त सूचना आली होती. तिचा दगडी नियम केला तो आम्ही, म्हणजे मी. आमच्या केंद्रात सुईण म्हणून मी एकटीच, त्यामुळे मी म्हणेन ती पूर्व दिशा.

पण जोडीनं यायचं कुणाला जमतं? शाळामास्तरच्या बायकोला, किराणावाल्याच्या बायकोला, ज्यांचे नवरे डोळ्यांसमोर आहेत त्यांना. ज्यांचे जोनीला गेले, चहाच्या मळ्यावर गेले, नाहीतर दुसरीकडे घर करून बसले, त्यांनी मुखियाच्या दारात जायचं. मुखिया पत्राला एक कोंबडी घेणार. ते पत्र घेऊन आंब्याखालच्या रांगेत सगळ्यांत मागे बसायचं. आणि नंबर आला की मी ते पत्र मोठ्यानं वाचणार: अमुक गावच्या अमुक बाईला नवरा नाही, तरी तिला तपासावे. मला मनातल्या मनात वाचता येत नाही, शाळेपासूनची खोड आहे. मी कधी आवाज कमी केला नाही. चाळीस बायका बाकांवर बसून ऐकायच्या आणि कुणीतरी फिसकन हसायचंच. आपल्या हातून वाईट होतंय असं माझ्या मनातही आलं नाही. उलट मी शिस्तीची बाई म्हणून मिरवत होते.

मग बायकांना बिझविक सापडला. कोंबडीपेक्षा स्वस्त पडायचा, कारण तो नेहमीच्या भाड्यापलीकडे काही मागत नसे. आणि त्यानं काम असं मन लावून केलं की खऱ्या नवऱ्यांनी लाजावं. तपासणीच्या दिवशी मेलेल्या भावाचा तपकिरी कोट घालून यायचा. बाकावर पुढे बसायचा. भाषण सुरू झालं की बाकीचे पुरुष घोरायचे, हा मान डोलवायचा. मी विचारलं की कुठली लक्षणं दिसली तर बाईला ताबडतोब आणायचं, की याचा हात वर. रक्त जाणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांना सूज, पोटातलं बाळ हलेनासं होणं. आमच्या शिकाऊ पोरींना पाठ नव्हतं इतकं त्याला होतं. रक्ततपासणीला बोट पुढे करताना तो दरवेळी दुसरं बोट द्यायचा. सातव्या-आठव्या खेपेला म्हणाला, सिस्टर, आता पायाची बोटं चालतील का?

म्हणजे मला ठाऊक होतं. तिसऱ्याच बायकोला मी ओळखलं होतं त्याला. सुरुवातीला हसू आलं, मग मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता होता: गरोदर बायकांसोबत आलेले पुरुष, शेकडा किती. आजूबाजूच्या केंद्रांचे आकडे चाळीस, पन्नास. आमचा ब्याण्णव. जिल्ह्याच्या बैठकीत माझं नाव घ्यायला लागले. एकदा एक छायाचित्रकार आला आणि त्यानं भिंतीवर लावायला आदर्श जोडप्याचा फोटो मागितला. त्या दिवशी बरी दिसणारी जोडी बिझविक आणि मालिता नावाच्या बाईचीच होती. फोटो मोठा करून माझ्या टेबलामागे लागला. खाली अक्षरं: जबाबदार पती, निरोगी कुटुंब. बिझविक त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, कोट चांगला आलाय.

मग पाहुणे यायचं ठरलं. परदेशी पैसा देणारे दोघे आणि जिल्ह्याचे तिघे, गुरुवारी सकाळी, आमचं आदर्श केंद्र बघायला. मी तीन दिवस झाडलोट करून घेतली. बायकांना नवं गाणं शिकवलं. आणि गुरुवारी, गाडी यायच्या अर्धा तास आधी, बिझविक फाटकातून आत आला. अंगात कोट, मागे गादीवर एक बाई.

तिचं नाव एनिफा. वय बावीस असेल. आठवा महिना लागला होता आणि दवाखान्याचं तोंड पहिल्यांदाच बघत होती. मी फोटोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. पाहुणे टेबलासमोर बसणार, मागे भिंतीवर बिझविक आणि मालिता, पुढ्यात बिझविक आणि एनिफा. आंधळ्यालाही दिसलं असतं. फोटो उतरवून ठेवता आला असता. एका खिळ्याचं काम होतं. ते मला सुचलं नाही. मला राग सुचला.

"या, नवरदेव!" मी रांगेदेखत म्हटलं. "ही कितवी? गाईंसाठी वळू फिरवतात तसे फिरताय का गावोगाव?"

बायका हसल्या. शिकवलेल्या गाण्यापेक्षा मोठ्यानं हसल्या. बिझविकनं टोपी काढून हातात घेतली. मी एनिफाकडे वळले आणि म्हटलं की भाड्याचे नवरे इथे चालत नाहीत, मुखियाचं पत्र आण, मग बघू. तिनं कमरेला गुंडाळलेल्या चितेंज्या कापडाचं टोक तोंडावर ओढलं आणि खाली बघत राहिली. मीही खाली पाहिलं. तिच्या रबरी चपलांचे पट्टे पायांत रुतले होते. पाय सुजले होते. हे मी पाहिलं. पुढे चौकशीत कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, इथे सांगते. पाहिलं, आणि बाहेर गाडीचा आवाज आला, आणि मी तोंडावर हसू आणून फाटकाकडे गेले.

पाहुणे खूश होऊन गेले.

पुढच्या आठवड्यात बुधवारी बिझविक एकटाच आला. कोट नव्हता. मी औषधांच्या खोलीत गोळ्या मोजत होते. तो दारातच थांबला.

"सिस्टर, रागावलात तर रागवा, पण ऐकून घ्या. तिचे पाय उतरत नाहीत. आणि डोकं दुखतंय म्हणते. तुम्हीच शिकवलंय, ही दोन लक्षणं एकत्र आली तर बसून राहायचं नाही."

मी म्हटलं, "मग पत्र का नाही आणत? एवढा काय माज?"

"पत्र द्यायचं कुणी? मुखिया न्कालोंनी. न्कालो तिच्या नवऱ्याचे सख्खे मामा. आणि नवरा जोनीला जाऊन चौदा महिने झालेत."

मी हिशेब केला. करायला काय लागतं, बोटांवर होतो. "मग हे तिनं आधी बघायचं होतं," मी म्हटलं.

बिझविक माझ्याकडे असा बघत राहिला की शेवटी मीच नजर वळवली. मूल कुणाचं, हे मी त्याला विचारलं नाही. त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि त्यानंही तिला विचारलेलं नव्हतं. मी जरा मऊ झाले. म्हटलं, मंगळवारी आण, गर्दी कमी असते, मागच्या दारानं, रांगेत नको, मी बघते. तो इतका आनंदला की जाताना त्यानं माझ्या टेबलावर दोन पिकले आंबे ठेवले.

मंगळवारी मी तिथे नव्हते.

शनिवारी जिल्ह्याहून निरोप आला की सोमवारपासून चार दिवस शिबिर आहे, सरोवराकाठच्या हॉटेलात, आणि आमच्या भागातून माझीच निवड झालीय. शिबिराचा विषय होता, आरोग्यात कुणीही मागे राहू नये. मी नवी चप्पल बाहेर काढली, केस विंचरून घेतले, आणि एस्नातीला चाव्या, लशींचा फ्रीज, मोडका नळ, सगळं समजावलं. एनिफाचं सांगायचं विसरले. यामागे काही डाव नव्हता, कुणाचा दाब नव्हता. विसरले, एवढंच. कधीकधी वाटतं, निदान वैर असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या ध्यानात राहण्याएवढीही मोठी नव्हती.

मंगळवारी सकाळी हॉटेलच्या गार खोलीत मी पडद्यासमोर उभी होते. माझ्या केंद्राचा ब्याण्णवचा आकडा पडद्यावर भिंतभर मोठा दिसत होता. मला विचारलं, हे तुम्हाला कसं साधलं? मी म्हटलं, शिस्त आणि प्रेम. टाळ्या पडल्या. दुपारी तळलेला चांबो मासा होता, प्रत्येकाला अख्खा. आणि त्याच वेळी आमच्या मागच्या दाराशी एनिफा भिंतीला टेकून बसली होती. एस्नातीनं विचारलं, पत्र? बिझविक म्हणाला, सिस्टरनी बोलावलंय. एस्नाती म्हणाली, मला काही बोलल्या नाहीत, आणि पाहुणे आले त्या दिवशी यांनाच हाकललं होतं ना? मी आपल्या मनानं दार उघडलं तर माझी नोकरी जाईल. यात एस्नातीची काय चूक? जसा धनी तसा चाकर. ती दोघं ऊन डोक्यावर येईपर्यंत बसली आणि मग गेली.

मी गुरुवारी संध्याकाळी परतले. शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास फाटकाशी गलका झाला. बिझविक येत होता. सायकल चालवत नव्हता, दांडा दोन पायांत घेऊन ढकलत होता. एनिफा गादीवर होती आणि पडू नये म्हणून तिला त्यानं आपल्या पाठीशी बांधलं होतं, आम्ही पोरांना बांधतो तसं, चितेंज्यानं. बाजूनं तिची आई, एका हातानं लेकीचं डोकं सावरत. भाताच्या खाचरात पहाटे तिला झटके आले होते. वाटेत आणखी एकदा आले. तिनं जीभ चावली होती.

मग मी जे जे करायचं ते सगळं केलं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. माझे हात चांगले आहेत, म्हणून तर जास्त लागतं. झटक्यांचं इंजेक्शन दिलं, एका कुशीवर वळवलं, रुग्णवाहिकेला फोन केला. ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. कळा सुरूच होत्या. बाराच्या आधी मुलगी झाली, तळहाताएवढी, पण रडली. एनिफाला पुन्हा झटका आला आणि त्यातून ती जागी झाली नाही. दोन वाजता गेली. रुग्णवाहिका चार वाजता आली. चालकानं विचारलं, कुठाय पेशंट?

रक्तदाब मोजायचं यंत्र माझ्या टेबलावर होतं. त्यात सेलही होते. पाहुण्यांच्या त्या गुरुवारी एक मिनिट लागलं असतं.

आमच्याकडे बाळंतीण दगावली की पंधरा दिवसांत चौकशी होते. जिल्ह्याच्या बाई येतात, मुखिया येतो, घरचे येतात, आणि एक कागद भरायचा असतो. त्यात विचारतात, उशीर कुठे झाला? पहिला उशीर, घरी ठरवायला. दुसरा, वाटेत. तिसरा, दवाखान्यात. एका चौकोनात खूण करायची. केंद्राची प्रमुख म्हणून कागद मीच भरायचा. लेखणी माझ्या हातात होती. एस्नाती कोपऱ्यात उभी होती आणि तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

एनिफाची आई रडत होती. जिल्ह्याच्या बाईंनी विचारलं, नवरा आलाय का? मुखिया न्कालो घसा खाकरून म्हणाले की नवरा त्यांचा भाचा, तो जोनीला आहे, चौदा महिने झाले. खोलीत सगळ्यांची बोटं हलली, तिथल्या तिथे. एनिफाच्या आईनं रडणं थांबवलं आणि मान खाली घातली.

तेव्हा बिझविक उठला.

"मूल माझं आहे," तो म्हणाला. "पोरीला मी नादी लावलं. तिचा दोष नाही."

न्कालो उभे राहिले. कुणीतरी शिवी दिली. जिल्ह्याच्या बाईंनी हात वर करून सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, "मग वेळेवर दवाखान्यात का नाही आणलंत?"

"लाजेनं," बिझविक म्हणाला. "घरात लपवून ठेवली. सिस्टरनी निरोप धाडला होता की घेऊन या, मी तपासते. मीच आज-उद्या करत राहिलो. उशीर घरीच झाला, बाई. लिहून घ्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता. जिल्ह्याच्या बाई लिहीत होत्या, न्कालो पुटपुटत होते, बाहेर कोंबडा ओरडत होता. मी बोलू शकले असते. माझी जीभ रांगेतल्या बायकांपुढे किती चालते ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. त्या दिवशी मी मान खाली घातली आणि पहिल्या चौकोनात खूण केली.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि ती देणाऱ्यांत मी होते. आमच्या भागात गावाचा नियम आहे, बायकोला वेळेवर दवाखान्यात न नेणाऱ्या नवऱ्याला दंड म्हणून बकरी. ती न्कालोंनी घेतली. भाच्याच्या बायकोला बिघडवल्याबद्दल दुसरी घेतली. त्याच्याकडे तिसरी नव्हती. कबाझावर बायका बसेनात, कारण म्हातारा चळलाय असं झालं. पोरं मागून ओरडायची. गादी पावसात भिजून फुटली, तरी त्यानं नवी शिवली नाही. जोनीहून त्याच्या थोरल्या मुलाचा फोन आला, बापाला दोन शब्द सुनावून त्यानं ठेवून दिला, आणि पुन्हा केला नाही.

मी काय केलं? त्या दिवसापासून नवरा कुठाय हे विचारायचं बंद केलं. पत्रं बंद केली. जी येईल ती बसेल, जिचे पाय सुजलेत ती आधी. तक्त्यावरचा आकडा ब्याण्णववरून छत्तीसवर आला. जिल्ह्याहून कडक पत्र आलं, खुलासा करा. मी लिहिलं की यंदा भाताचं काम जास्त आहे, पुरुष शेतात असतात. तेही खोटंच. चांगलं काम करतानाही मला खरं बोलता आलं नाही.

दोन वर्षं मी असेच दिवस काढले. मक्याच्या न्सिमाचा घास घेतला की ते रबरी चपलांचे पट्टे आठवायचे. शेवटी ठरवलं, बोलायचं. आधी बिझविकला सांगायचं, मग न्कालोंना, मग जिल्ह्याला. जे व्हायचं ते होईल.

बुधवारी लहान पोरांची वजनं असतात. बिझविक दर महिन्याला येतो. पोरगी एनिफाच्या आईकडे राहते, पण दवाखान्यात हाच आणतो, सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून. नाव त्यानंच ठेवलं, सुंगेनी. आमच्या भाषेत त्याचा अर्थ जपा, सांभाळा. त्या दिवशी रांग संपेपर्यंत मी त्याला थांबवून घेतलं. एस्नातीला बाहेर पाठवलं आणि दार लावलं.

मी म्हटलं, "काका, मी सगळं सांगणार आहे. पाय सुजलेले मी पाहिले होते. मंगळवारचं मी विसरले. तिसरा उशीर होता, माझा. तुमच्या नावावरचं मला पुसायचंय."

मला वाटलं होतं तो रडेल, किंवा नको नको म्हणेल. तो चिडला. इतक्या वर्षांत मी त्याला चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"सांगा," तो म्हणाला. "सांगितलंत की तुम्हाला झोप लागेल. मग तुमची बदली होईल. याआधीची सुईण गेली तेव्हा आठ महिने इथे कुणी नव्हतं. त्या आठ महिन्यांत आमच्या बाजूला किती पुरल्या ते मला माहितीय, तुम्हाला नाही. म्हणून तेव्हा मी बोललो, तुमच्या प्रेमानं नाही. आणि आता न्कालो विचारतील, म्हातारा बाप नाही तर बाप कोण? सगळं गाव पुन्हा बोटं मोजेल. आज हिच्या आईला कुणी शिवी देत नाही, कारण सगळ्या मला देऊन संपतात. हिला शाळेत घालताना बापाचं नाव विचारतील, तेव्हा काय सांगू? सिस्टरना झोप येत नव्हती?"

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

"ते तुमचं ओझं आहे. माझ्या सायकलवर आता पोरगी बसते. जागा नाही."

म्हणून मी न्कालोंकडे गेले नाही, आणि जिल्ह्यालाही काही लिहिलं नाही. इथे सगळ्यांची नावं मी बदलली आहेत, गावाचं सांगितलेलं नाही, आणि हे कागद आमच्या भागात कुणी वाचणार नाही याची खात्री करून घेतली आहे. ज्यांना सांगायला हवं त्यांना सोडून सगळ्यांना सांगतेय.

त्या दिवशी नंतर काहीच झालं नाही. त्यानं पोरीला उचललं, वजनाच्या झोळीत बसवलं आणि तिचा पाय अडकला होता तो सोडवला. ती झोका समजून हसायला लागली. मला काट्यावरचा आकडा दिसत नव्हता, डोळे भरले होते. तो वाकला, त्यानं काटा नीट पाहिला.

"साडेनऊ," तो म्हणाला. "लिहा, सिस्टर."

मी लिहिलं.